दसरा काढावयाचा तो माळ्यापासून

पितृपक्ष सरत आला की खेड्यापाड्यांतील ओढ्यांवर आणि विहिरींवर वाकळा-गोधड्यांचे ढीग दिसू लागतात. घट बसण्यापूर्वी घरातील सारी अंथरुणे-पांघरुणे धुवावयाची, उतरंडीची गाडगी-मडकी खाली काढून घासावयाची, भिंती झाडून त्यांना चुना द्यावयाचा आणि जमीन शेणाने सारवावयाची, या साऱ्या खटाटोपास आपल्याकडे ‘दसरा काढणे’ असे नाव आहे. काही भागांत हेच काम दिवाळीच्या तोंडावर होते. नाव आणि दिवस निराळे असले तरी रीत एकच.

शेतकरी कुटुंबाच्या दृष्टीने या झाडणीची वेळ मोठ्या महत्त्वाची आहे. मूग-उडीद तोवर घरात आलेले असतात, बाजरी खळ्यावर असते, सोयाबीनची काढणी तोंडाशी येते आणि कापसाची पहिली वेचणी पुष्कळ ठिकाणी दसरा-दिवाळीच्या सुमारास होते. भाताच्या पट्ट्यात दिवाळीच्या मागेपुढे झोडणी सुरू होते. जुने धान्य तळाला गेलेले आणि नवे उंबरठ्याशी आलेले, असे हे दिवस होत. या दोहोंची गाठ घरात पडू न देणे, हे या झाडणीचे खरे काम आहे.

प्रत्यक्षात ही झाडणी कोठे थांबते ते पाहावे. गोधड्या धुतल्या जातात, पितळी भांडी चिंचेने लखलखीत होतात, कोळ्याचे एक जाळे शिल्लक राहत नाही. परंतु माळ्यावर गेल्या वर्षीच्या ज्वारीचे अर्धे पोते असते, कोनाड्यात औषधाची पाव भरलेली बाटली असते, पडवीत खताच्या पिशव्या खुंटीला अडकविलेल्या असतात आणि दाराआड पाच लिटरचा रिकामा कॅन असतो. त्यांवरील धूळ तेवढी झटकली जाते आणि ‘असू दे, उपयोगी पडेल’ असे म्हणून ती वस्तू पुन्हा जागच्या जागी जाते. याचे कारण सरळ आहे. घर झाडणारे हात बहुधा घरातील स्त्रियांचे असतात आणि बी-बियाणे, खत, औषध ही पुरुषांची खाती मानली जातात. झाडणाऱ्या बाईस त्या बाटलीत काय आहे हे ठाऊक नसते, आणि ज्याने ती आणली तो त्या दिवशी रानात असतो. म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी या दिवसांत घरोघरी एवढे तरी सांगावे की, झाडणीच्या एका दिवशी कर्त्या पुरुषाने घरी थांबावे.

कणगीच्या तळातील चार मुठी

कणगी, बळद किंवा पत्र्याची कोठी अगदी रिकामी करू नये, तळाशी चार मुठी धान्य राहू द्यावे, अशी पुष्कळ घरांची रीत आहे. ‘बाबा, कणगीचा तळ उघडा पडू देऊ नये, लक्ष्मी उठून जाते,’ असे एखादी म्हातारी आजी कार्यकर्त्यास सांगते, तेव्हा तिला हसण्याचे कारण नाही. अन्नाविषयीचा आदर त्या बोलण्यात आहे. अडचण एवढीच आहे की, त्या चार मुठींतच पुढल्या वर्षीच्या नासाडीचे बी असते.

सोंडे, म्हणजे खेड्यात ज्यांना सर्रास पोरकिडे म्हणतात त्यांपैकी लांब सोंडेचा किडा, दाण्यास बारीक भोक पाडून आत अंडे घालतो आणि ते भोक चिकट द्रवाने बुजवून टाकतो. अळी दाण्याच्या आतच वाढते. त्यामुळे वरून पाहणाऱ्यास दाणा निरोगी वाटतो आणि सुपात घोळला तरी दोष दिसत नाही. एक मादी आपल्या आयुष्यात तीनशेपर्यंत अंडी घालते आणि उबदार, दमट हवेत अंड्यापासून किडा होण्यास साधारण एक महिना पुरतो. पावसाळाभर तळाशी राहिलेल्या धान्यात अशा किती पिढ्या होऊन गेल्या असतील याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. त्यावर नवी बाजरी किंवा नवा गहू ओतला की त्या किड्यांना नवे रान मोकळे मिळते.

खापरा भुंग्याची गोष्ट याहून चिवट आहे. त्याची केसाळ अळी भिंतीच्या भेगेत, बळदाच्या सांध्यात किंवा पोत्याच्या शिवणीत दडून बसते आणि अन्न नसले तरी सुप्त अवस्थेत वर्षभर, किंबहुना त्याहूनही अधिक काळ जिवंत राहू शकते. धान्य आले की ती पुन्हा कामास लागते. यावरून ध्यानात येईल की, नुसते जुने धान्य काढून टाकल्याने काम भागत नाही, भेगा बुजविल्या पाहिजेत. बळदाची व धान्याच्या खोलीची फरशी-भिंत यांचे सांधे खरडून आतील जुनी धूळ काढावी, ते मातीने वा सिमेंटने लिंपावेत आणि वर चुन्याचा हात द्यावा. तट्ट्याची वा तुरकाठ्यांची कणगी असेल तर ती बाहेर उन्हात आडवी करून आतून झाडावी, जुने सारवण पोपडे धरून सुटले असेल तेथे ते पुरते खरवडून नवे सारवण करावे, आणि ते खडखडीत वाळल्याखेरीज तीत दाणा घालू नये. झाडून निघालेली धूळ आणि किडका भुसा उकिरड्यावर टाकण्याची चूक सर्रास होते. उकिरडा घराला लागून असला तर कीड संध्याकाळपर्यंत परत येते. ती धूळ त्याच दिवशी घरापासून दूर खड्ड्यात खोल पुरावी.

आणि आजीच्या चार मुठींचे काय? त्या मुठी काढून उन्हात चांगल्या तापवाव्यात, पाखडाव्यात, एखाद्या झाकणाच्या तांब्यात घालून देवापाशी ठेवाव्यात. कणगी साफ होऊन नवे धान्य येईल तेव्हा ताज्या दाण्याच्या चार मुठी प्रथम घालून तळ भरावा. देवापाशी ठेवलेले धान्य पुढे पाखरांना टाकावे. अशी तोड सुचविली तर बहुतेक घरांतून विरोध होत नाही. रीत राहते आणि कीड जाते.

कडधान्यांच्या बाबतीत मात्र शेतकऱ्यांनी एक गोष्ट जाणून असावी. भुंग्याची मादी मूग, उडीद, तूर, चवळी यांच्या पक्व शेंगांवर रानातच अंडी घालते. दाण्यावर पांढरे ठिपके चिकटलेले दिसतात ती ही अंडी होत. त्यामुळे घर कितीही स्वच्छ असले तरी कडधान्य उन्हात चांगले वाळविल्यावाचून गत्यंतर नाही. दाताखाली दाणा कट्कन फुटला पाहिजे. खाण्यासाठी ठेवावयाच्या कडधान्यास किलोमागे पाच मिलिलिटर खाद्यतेल चोळून ठेवल्यास अंडी उबत नाहीत. ज्यांना सोय आहे त्यांनी लवकर डाळ करून ठेवावी, कारण भरडलेल्या डाळीस हा भुंगा सहसा लागत नाही. इतर धान्य साठविताना त्यात शेकडा बारापेक्षा अधिक ओलावा नसावा.

बारदान आणि पिशव्या

गेल्या वर्षीच्या तागाच्या पोत्यांची गुंडाळी माळ्यावर असतेच. ही पोती उलटी करून, शिवणीच्या कडा बाहेर काढून, घरापासून दूर झटकावीत आणि उकळत्या पाण्यात पाव तास बुडवून कडक उन्हात वाळवावीत. पाणी उकळण्याएवढे जळण नसेल तर ऑक्टोबरचे ऊन पुरे पडते. काळ्या कापडावर किंवा काळ्या ताडपत्रीवर पोती पसरावीत, वरून पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद टाकून कडा मातीने दाबाव्यात. भर दुपारी आतील उष्णता साठ अंशांच्या वर जाऊ शकते आणि एवढी उष्णता काही तास टिकली की अळी, अंडी, किडा यांपैकी काही जगत नाही. हा उपाय पोत्यांसाठी आहे. पेरणीचे बियाणे अशा उष्णतेत ठेवल्यास त्याची उगवण मारली जाते, हे विसरू नये.

खताच्या रिकाम्या पिशव्यांत धान्य भरण्याची प्रथा फार आहे. पिशवी मजबूत असते आणि फुकट मिळते, हे खरे. तरीही तीत खाण्याचे धान्य भरू नये. औषध लावलेल्या बियाण्याची पिशवी तर घरात ठेवूच नये.

माळ्यावरील धूर गेला

जुन्या घरांतून चूल खाली आणि माळा वर अशी रचना असे. मक्याची कणसे, ज्वारीच्या निवडक कणसांची जुडगी, दुधीभोपळ्याच्या बिया हे सारे चुलीच्या वर टांगलेले असे आणि रोजच्या धुराने कीड तेथे फिरकत नसे. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली, तत्पूर्वीही अनेक घरांत गॅस आला होता, आणि धूर कमी झाला. स्त्रियांच्या डोळ्यांना व छातीला त्यामुळे मोठाच आराम पडला आणि तो धूर परत यावा असे कोणी म्हणणार नाही. परंतु माळा तसाच राहिला आणि त्यावर बियाणे ठेवण्याची सवयही तशीच राहिली. धुराच्या जोरावर जे टिकत होते ते आता टिकत नाही. माळ्यावरील बियाणे खाली उतरवून, वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवणे हाच त्याला मार्ग आहे. माळ्यावर चढताना आणि लाकडांचा ढीग हलविताना मात्र काठीने आधी हालवून पाहावे. विंचू व साप यांना उंदरांच्या वाटेवरची अशी अडगळ फार आवडते.

बाटल्या आणि कॅन

येथवर जे सांगितले त्यात नुकसान धान्याचे होते. आता जे सांगावयाचे आहे त्यात नुकसान माणसाचे आहे.

१६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यातील एका गावी शाळेतील मुलांनी दुपारचे जेवण घेतले आणि २३ मुले दगावली. जेवण ज्या तेलात शिजविले होते त्यात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. तेल ठेवलेला डबा पूर्वी कीटकनाशकासाठी वापरला गेला असावा, असे तपासाच्या वेळी सांगण्यात आले. 

आपल्या घराघरांतून असे डबे आहेत. पाच लिटरच्या कॅनमध्ये रॉकेल किंवा डिझेल असते, कोठे पिण्याचे पाणी रानात नेले जाते, कोठे तूरडाळ भरलेली असते. कॅन तीन वेळा धुतला, राखेने घासला, वास गेला, म्हणजे विष गेले असे समजणे घातक आहे. कीटकनाशक प्लॅस्टिकच्या भिंतीत मुरते आणि पुढे तेलासारख्या पदार्थात सावकाश उतरते. याच्या उलट दिशेची चूकही तेवढीच वाईट आहे. उरलेले औषध थंड पेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवणे, हे घरातील लहान मुलासाठी सापळा लावून ठेवण्यासारखे आहे.

झाडणीच्या दिवशी घरातील, गोठ्यातील आणि मोटारीच्या खोपीतील सगळ्या बाटल्या, पुड्या व कॅन एका जागी अंगणात आणून मांडावेत. मुलांना त्या वेळी दूर ठेवावे आणि हातांत जाड हातमोजे असावेत. प्रत्येक वेष्टनावर एक तिरपा चौकोन असतो. त्याचा खालचा त्रिकोण लाल असेल तर ते अति जहाल, पिवळा असेल तर जहाल, निळा असेल तर मध्यम आणि हिरवा असेल तर तुलनेने सौम्य विष समजावे. वाचता येत नसले तरी रंग ओळखता येतो. म्हणून घरातील प्रत्येक बाईस व मोठ्या मुलास ही खूण दाखवून ठेवावी. नंतर उत्पादनाची व मुदत संपण्याची तारीख पाहावी. ज्यावर नावच उरलेले नाही ती बाटली सर्वांत धोक्याची मानावी. ‘बहुतेक माव्याचे असावे’ अशा अंदाजाने ती कोणत्याही पिकावर मारू नये.

जुन्या साठ्यात बंदी असलेली औषधेही निघतात. सर्वोच्च न्यायालयाने मे २०११ मध्ये एंडोसल्फानवर बंदी घातली. फोरेट, फॉस्फामिडॉन, ट्रायझोफॉस आणि डायक्लोरव्हॉस यांवर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. हळदीला व उसाला टाकून उरलेल्या फोरेटच्या दाणेदार पिशव्या आजही कोठे कोठे गोठ्याच्या आढ्याला दिसतात. ‘पैसे घालून आणले आहे, टाकवत नाही’ असे शेतकरी म्हणतो आणि त्याच्या जागी त्याचे बरोबरही वाटते. परंतु ज्या औषधाचा उपयोग करणे कायद्याने मना आहे त्याची किंमत शून्यच धरावयास हवी.

मग हे सारे टाकावयाचे कोठे? येथे स्पष्ट बोलणे बरे. गावोगावी जुनी औषधे परत घेण्याची घडी बसलेली नाही, त्यामुळे शेतकऱ्याची अडचण खरी आहे. उरलेले द्रव औषध ओढ्यात, गटारात, विहिरीजवळ किंवा संडासात ओतू नये. ते मूळ वेष्टनातच, झाकण घट्ट करून, राहत्या घराबाहेर कुलुपात ठेवावे, नावांची यादी करावी आणि तालुक्याच्या कृषी कार्यालयास दाखवून विल्हेवाटीचा सल्ला घ्यावा. कार्यकर्त्याने गावाची एकच यादी करून दिली तर एकट्यादुकट्या शेतकऱ्याच्या अर्जापेक्षा तिची दखल लवकर घेतली जाण्याचा संभव आहे. रिकाम्या वेष्टनांसाठी मात्र नियम आहेच. कीटकनाशक कायदा १९६८ चा आणि त्याखालील नियम १९७१ चे. वेष्टने पुन्हा वापरात येतील अशी उघड्यावर टाकू नयेत, ती फोडून वस्तीपासून दूर पुरावीत, असे ते नियम सांगतात. फवारणीच्या वेळीच बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपात ओतावे, तळाला भोक पाडावे आणि पाण्याच्या साठ्यापासून दूर खड्ड्यात पुरावी. जाळू नये, कारण धूरही विषारी असतो. भंगारवाल्यास देऊ नये. दोन रुपयांना गेलेला कॅन बाजारातून कोणाच्या स्वयंपाकघरात पोचेल हे कोणी सांगावे!

धान्यात ठेवावयाच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांविषयी तर दोन मते असूच नयेत. त्यांची विक्री व वापर तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करता येतो. त्यांतून निघणारा वायू बंद खोलीत झोपलेल्या माणसाचा जीव घेतो. अशी नळी माळ्यावर सापडली तर ती उघडू नये, ओली होऊ देऊ नये आणि ताबडतोब कृषी कार्यालयास कळवावे. राहत्या घरात धान्यासाठी कोणत्याही कीटकनाशकाची फवारणी आपल्या मनाने करू नये.

आणखी एक बाब आहे, ती खेड्यात सर्वांना माहीत असते आणि कोणी बोलत नाही. घरात कडाक्याचे भांडण होते, नापिकी येते, मुलगा परीक्षेत नापास होतो, आणि त्या एका घटकेस हाताशी बाटली असते. ती घटका टळली तर पुष्कळ माणसे वाचतात. कुलूप लावणे चांगले, पण किल्ली घरातच असते. म्हणून औषध एकरांच्या हिशेबाने मोजूनच आणावे आणि हंगाम संपताना घरात शिल्लक राहू नये, असाच बेत धरावा.

बियाणे आणि कापूस

जूनमध्ये आणून उरलेले, रंगीत औषध लावलेले सोयाबीनचे बी कोंबड्यांना टाकू नये, तेलाच्या गिरणीस विकू नये, जनावरांच्या आंबोणात मिसळू नये. रब्बीसाठी राखून ठेवलेल्या बियाण्याची परीक्षा मात्र याच दिवसांत उरकून घ्यावी. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळींत शंभर दाणे मांडून गुंडाळी करावी, ती ओलसर ठेवावी आणि आठव्या दिवशी उघडून चांगले कोंब मोजावेत. गहू व हरभरा यांचे ८५ आणि ज्वारीचे ७५ दाणे उगवले तर बियाणे प्रमाणाचे आहे असे समजावे. थोडे कमी आले तर त्या मानाने बियाण्याचे प्रमाण वाढवावे. फारच कमी आले तर ते बियाणे म्हणून ठेवण्यात अर्थ नाही. पेरणीनंतर नांगे भरण्यापेक्षा आठ दिवस गोणपाट ओला ठेवणे स्वस्त पडते.

भाव वाढण्याच्या आशेने घरात ठेवलेला गेल्या हंगामाचा कापूस कोठे शिल्लक असेल, तर नवी वेचणी घरात येण्यापूर्वी तो बाहेर गेला पाहिजे. शेंदरी बोंडअळी सरकीत सुप्तावस्थेत राहते आणि पतंग होऊन शेजारच्या रानातील नव्या बोंडांवर जाते. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात या अळीने जे केले ते कापूस उत्पादक विसरलेले नाहीत.

लक्ष्मीपूजनाला घरात नवी केरसुणी येते आणि तिला हळदकुंकू वाहिले जाते. ज्या जुन्या केरसुणीने बळद, कणगी आणि धान्याची खोली झाडली, तिच्या बुडख्यात किडक्या दाण्यांची धूळ आणि अळ्या अडकलेल्या असतात. ती गोठ्यासाठी म्हणून पुन्हा दाराआड ठेवू नये. धान्याची धूळ ज्या खड्ड्यात पुरली त्यातच तीही टाकावी आणि वर माती दाबावी.